खाम गंगेला मिळते

"तुमचं सांडपाणी कुठं जाईल?"

हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, भाडं नाही. मी नुकतीच औरंगाबादला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि बेगमपुऱ्यात एक खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. एकट्या मुलीनं शहरात राहायचं म्हणून वडील देवगाव रंगारीहून मुद्दाम एसटीनं आले होते. घर कसं आहे, मालक कसा आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मालक दारातच उभे होते. उंच, वाळके, काळी टोपी, अंगात बटणांचा लांब कोट. आम्ही नमस्कार केला आणि त्यांनी हे विचारलं.

वडील आधी गोंधळले. मग म्हणाले, "आवो, आमच्याकडं प्यायला पाणी नाय, अन् तुमी सांडलेल्या पाण्याची चौकशी करता व्हय?"

मालक हसले नाहीत. "म्हणूनच विचारतो. ही गल्लीतली नाली पुढं खामला मिळते. खाम खाली जाऊन गंगेला मिळते. तुमची मुलगी इथं चूळ भरील, ती चूळ चार दिवसांनी गंगेच्या अंगावर पडंल. आईच्या अंगावर आपण चूळ टाकतो का?"

आमच्या मराठवाड्यात गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या तासाला म्हणतात. एरवी ती गंगा. आमचं गाव तिच्यापासून लांब, कोरडं. गंगा आमच्या घरात होती ती एका बाटलीत, बूच लावून देवघरातल्या कोनाड्यात ठेवलेली. माणूस अखेरच्या घटका मोजू लागला की ते बूच निघायचं आणि दोन थेंब त्याच्या जिभेवर पडायचे. गंगेशी माझी ओळख एवढीच. त्यामुळं नालीतल्या पाण्यातून गंगेपर्यंत पोचणारा हा माणूस मला त्या दिवशी सरळसरळ वेडा वाटला.

वडिलांना मात्र तो पसंत पडला. जाताना एसटी स्टँडवर मला म्हणाले, "ऱ्हा बिनघोर. ज्याला पान्याची लाज वाटती, त्याला मान्साची वाटंलच."

घराचा नियम असा होता, की मोरीतलं एक थेंबही पाणी रस्त्यावर जायचं नाही. मालकांनी मोरीचं बाहेरचं तोंड बुजवून टाकलं होतं आणि पाणी परसात वळवलं होतं. तिथं एक खोल खड्डा, भोवती केळी, अळू, कर्दळ. पावसाळ्यात खड्डा भरला की आम्ही भाडेकरू बादल्या भरभरून पाणी झाडांना घालत फिरायचो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो. केळीचे घड मात्र सगळ्यांना वाटून मिळायचे. मी त्यांना काका म्हणू लागले, त्यांच्या बायकोला काकू. ते दोघं मला "बाई" म्हणायचे, शाळेत मुली म्हणतात तसंच.

काका निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं खटल्याचे कागद मांडायचे, वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. शिक्षण सगळं उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कारभाराची भाषा बदलली तेव्हा चाळिशीच्या घरात त्यांनी मुलांसारखी पाटी घेऊन बाळबोध लिपी घोटली. तरी हात उर्दूलाच सरावलेला. रोज सकाळी गंगेचं स्तोत्र म्हणायचे ते एका जुन्या वहीतून, आणि ती वही होती उर्दू लिपीतली. संस्कृत श्लोक उजवीकडून डावीकडं लिहिलेले. मी एकदा हसले तर म्हणाले, "बाई, नदी कुठल्याही बाजूनं वाचली तरी समुद्रालाच जाते."

अशी त्यांची वाक्यं. त्यांना ती सुचायची नाहीत, बोलता बोलता निघून जायची.

सकाळी स्तोत्र झालं की ते काठी घेऊन खामच्या पुलावर जायचे. खाम म्हणजे नदी तरी कसली, पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर ओढाच. पण त्यांचं तिच्यावर बारीक लक्ष. आमच्या गल्लीत एक कापडवाले शेठ होते, मोठे देवभक्त. रोजचं निर्माल्य पुडीत बांधून नोकराकरवी खाममध्ये सोडायचे. एके दिवशी काकांनी ती पुडी काठीनं ओढून बाहेर काढली आणि ओली, टपकती पुडी घेऊन शेठजींच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकांसमोर गादीवर ठेवली.

"हे तुमचं. पत्ता चुकला वाटतं."

शेठजी ताडकन उठले. "देवाचं आहे ते! गंगेला जातंय!"

"देवाचं आहे ना? मग घरात ठेवा. तुम्हाला घरात नको झालं ते तिला का म्हणून देता?"

दोन वर्षं शेठजी त्यांच्याशी बोलले नाहीत. पण पुड्या बंद झाल्या.

पुलाखाली गवळी म्हशी धुवायचे, त्यांना मात्र काका कधी बोलले नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "म्हैस पाप धुवायला उतरत नाही. तिला उकडतं म्हणून उतरते. तिचा मळ गंगेला चालतो. आपला चालत नाही. पाप लई चिकट असतं बाई, एकदा लागलं की पाण्याच्या अंगावरून सुद्धा निघत नाही."

हे असं ऐकलं की माझी खात्री पटायची, की हा माणूस दर पर्वणीला गंगेत डुबक्या मारत असणार. म्हणून ज्येष्ठातल्या गंगादशहऱ्याला काकूंनी मला पैठणला सोबत चल म्हटलं तेव्हा मी उत्सुकतेनंच गेले. आणि तिथं जे पाहिलं त्यानं चक्रावले.

घाटावर गर्दी होती. बायका ओट्या सोडत होत्या, पुरुष अर्घ्य देत होते. काका मात्र सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. वहाणा काढल्या, कपाळ पायरीच्या दगडाला टेकवलं, डोळे मिटले आणि तिथंच थांबले. पाण्याजवळ गेले नाहीत. एका गुरुजींनी पळीनं तीर्थ पुढं केलं, तर हात मागं घेतला. सगळा दिवस त्यांनी गंगेचा एक थेंबही अंगाला लागू दिला नाही.

काकू आणि मी खाली उतरलो. काकूंनी बरोबर काकांचं एक कोरडं उपरणं आणलं होतं. मला वाटलं, अंग पुसायला असेल. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, उपरण्याचं टोक आपल्या पदराला गाठ मारून बांधलं, ते छातीशी धरलं आणि तीन बुड्या घेतल्या. लग्नात वधूवरांची बांधतात तशी गाठ. वर मान करून मी काकांकडं पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"काकू, हे काय?"

"काही नाही. वर ह्यांच्याजवळ बोलू नको."

पण परतीच्या एसटीत, काका पुढच्या बाकावर पेंगत असताना, त्यांनी मला सगळं सांगितलं.

पोलीस ॲक्शनच्या आधीचा श्रावण. रझाकारांचे दिवस. काका तेव्हा गंगेच्या काठाला असलेल्या एका गावच्या कचेरीत होते. अलीकडं निजामाची हद्द, पलीकडं नगर जिल्हा, म्हणजे मोकळा मुलूख. मध्ये पुराची गंगा. काकांच्या साहेबांनी, एका भल्या मुसलमान गृहस्थांनी, त्यांना सकाळी बाजूला घेतलं आणि सांगितलं, "पेशकारसाब, आजच घरवालों को लेके पार हो जाव. कल मेरे हाथ में कुछ नई रहता." काकांचं नाव कुणीतरी यादीत घातलं होतं. तासाभरात ते म्हातारी आई आणि काकूंना घेऊन नदीवर गेले. काकूंना सातवा महिना होता. एका भोयानं पुराच्या पाण्यात नाव घातली.

"मध्यावर नाव कशाला तरी घासली," काकू सांगत होत्या. "फळी निघाली का काय, पाणी आत यायला लागलं. सासूबाई रामराम म्हणत होत्या. हे टोपीनं पाणी उपसत होते. उपसता उपसता मोठ्यानं ओरडले, 'गंगामाई, एवढ्यांना पार कर! पुन्हा तुझ्या पाण्याला पाय लावणार नाही. माझा मळ तुला लावणार नाही.' अन् बाई, नाव लागली की गं काठाला."

"म्हणून काका पाण्यात उतरत नाहीत?"

"व्हय. परत येताना तर भोयाच्या खांद्यावर बसून उतरले, पाय भिजंल म्हणून. लोक हसले. हसू देत. बोलल्याप्रमाणं वागले."

साहेबांचा उपकारही काका विसरले नव्हते. पोलीस ॲक्शननंतर उलटे दिवस आले तेव्हा त्या गृहस्थांचं सगळं कुटुंब महिनाभर काकांच्या घरात होतं. हेही काकूंनीच सांगितलं, जाता जाता.

"पण मग गाठ कशाला बांधता?"

काकूंनी पुढच्या बाकाकडं एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "नावेत मी पण होते ना. त्यांनी मोठ्यानं नवस बोलला, मी मनात. म्हटलं, पोटातलं सुखरूप येऊ दे माय, आम्ही दोघं गाठ बांधून तुझ्यात उतरू, जोडीनं ओटी भरू. माझं म्हणून झालं अन् तेवढ्यात ह्यांचं ओरडणं कानावर आलं. आता त्यांचा पाळावा तर माझा मोडतो, माझा पाळावा तर त्यांचा. पोरगी पलीकडं सुखरूप झाली. आता तिची पण लेकरं शाळेत जातात. माझं मात्र देणं तसंच राहिलं. उपरणं नेते, समजूत घालते गंगेची. पण उपरण्यात माणूस नसतो हे तिला काय कळत नाही?"

"काकांना सांगा ना."

"नको. ते पेचात पडतील. तू पण सांगू नको. शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. दोन वर्षं पाळली.

मग काकूंना धाप लागू लागली. पाय सुजायचे. स्वयंपाकघरातून परसापर्यंत येताना दोनदा बसायच्या. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय, जपा. पैठणच्या वरच्या अंगाला धरणाचं काम चाललेलं होतं. कुणी म्हणायचं, पाणी अडवलं की खाली घाटाला गुडघाभर सुद्धा उरणार नाही. काकू हे ऐकायच्या आणि माझ्याकडं पाहायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "आता आमच्यात कोण आधी आटतं, गंगा का मी, बघू."

शपथ मोडायची की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी एका रविवारी सकाळी काका परसात केळीला माती लावत होते, तिथं मी गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नावेत मनात बोललेला नवस, पदराची गाठ, उपरणं.

ते वाकलेलेच राहिले. हातातली माती हळूहळू गळून पडली. मग खड्ड्याच्या काठावर बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुलावर गेले नाहीत. मी घाबरले. आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेला हात घातला, आता हे कुठं जाऊन थांबणार, असं वाटून शाळेत मन लागेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पैठणच्या ओळखीच्या एका गुरुजींना बोलावलं. मलाही बसायला सांगितलं. काकू आत झोपल्या होत्या. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि खुशीत म्हणाले, "सोपं आहे. तुम्ही 'मळ लावणार नाही' म्हणालात ना? घरून स्वच्छ स्नान करून या, म्हणजे मळ नाही. आणि पायाचं म्हणाल, तर पायाला रेशमी वस्त्र गुंडाळा. पाय पाण्याला लागतच नाही. दोन्ही नवस राहतात."

काका हात जोडून म्हणाले, "गुरुजी, मी वीस वर्षं कचेरीत हेच पाहिलं. कागदात असं लिहिलंय, तसं लिहिलेलं नाही. तिच्यापुढं वकिली नको. मोडायचा तर सरळ मोडतो."

गुरुजी गेले. काका माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

"बाई, नवस मोडला की दिलेलं परत घेते म्हणतात. मला काय दिलं? आई दिली, ती म्हातारी होऊन गेली. पोरगी दिली. अन् ही. यांतलं परत घेतलं तर?"

काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून मी उठून आतलं दार लोटलं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पण एक सांगा. ती नाव माझ्याच बोलण्यावर पार झाली, हे मी कशावरून धरून चाललो? मी ओरडलो म्हणून? मोठ्यानं बोलणाऱ्याचंच ऐकत असंल तर ती गंगा कशाची, कचेरीच झाली की."

त्या वर्षीच्या दशहऱ्याला आम्ही तिघं पैठणला गेलो. एसटीतून उतरल्यावर घाटापर्यंत काकूंना टांग्यानं न्यावं लागलं. त्यांना काकांनी एवढंच सांगितलं होतं, की आज मी पण उतरणार. काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

घाटाच्या पायऱ्या मी आणि काकू एकेक करत उतरलो. काकू पोटरीभर पाण्यात जाऊन थांबल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. काका शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी त्यांच्या उपरण्याची आणि काकूंच्या पदराची गाठ बांधली. गाठ दोनदा सुटली.

काका पाण्याकडं पाहत होते. आजूबाजूला लोक उतरत होते, चढत होते, एक बाई त्यांना "सरका की मामा" म्हणून गेली. ते हलेनात. मग हात जोडून हळूच म्हणाले, एखाद्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं, "मोडतोय माय. जे घ्यायचं ते माझ्याकडून घे. यांच्याकडं बघू नको."

आणि पाय टाकला.

पायरीवर शेवाळ होतं. त्यांचा तोल गेला. ज्या काकूंना चार पावलं चालताना धाप लागायची, त्यांनी झटकन त्यांचा दंड पकडला. "हळू. निसरडं आहे इथं. मला माहीत आहे, माझ्या मागं या."

दोघं कमरेएवढ्या पाण्यात गेले. एकमेकांना धरून तीन बुड्या घेतल्या. काकूंनी ओटी सोडली: खण, नारळ, तांदूळ. काकांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि तसंच धरून ठेवलं, बोटांतून सगळं गळून जाईपर्यंत. मी काठावर दोघांचे कोरडे कपडे धरून उभी होते. शाळेत मी मुलींना नदीचा उगम आणि लांबी शिकवत होते. कुणी तिच्याशी असं दबक्या आवाजात बोलतं, तिला घाबरतं, तिच्यापुढं शब्द मोडतो म्हणून कबूल होतं, हे त्या दिवशी पाहिलं. बाटलीतल्या दोन थेंबांवर आमच्या गावची माणसं एवढा जीव का टाकायची, तेही थोडंसं कळलं.

कपडे बदलून ते दोघं पायरीवर उन्हाला बसले. मग काकांनी विचारलं,

"इतकी वर्षं मला सांगितलंस का नाही?"

काकू केस पिळत होत्या. पिळता पिळता म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठं?"

"काय विचारायचं होतं मी?"

"नावेत तू काय मागितलंस, असं. मी बी त्याच नावेत होते ना."

खामच्या पाण्यात कोण काय टाकतं याची वर्षानुवर्षं चौकशी करणाऱ्या त्या माणसानं बायकोला एवढं एक कधी विचारलं नव्हतं.

गंगेनं काही परत घेतलं नाही. लेक नांदेडला सुखात राहिली. डॉक्टरांनी वर्षाची मुदत सांगितली होती, काकू पुढं चार वर्षं जगल्या. काका पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. "हिचं देणं होतं ते फिटलं, आता माझं पुन्हा सुरू," म्हणाले आणि वरच्या पायरीवर जाऊन बसू लागले.

मात्र एक फरक झाला. पैठणहून आल्यावर आठवड्याभरानं काकू माझ्या उंबऱ्यावर येऊन टेकल्या, दम खात, पण चेहरा खुललेला.

"कुठून तुला बुद्धी झाली अन् त्यांना सांगितलंस. आता सारखं विचारत राहतात. खिडकी लावू का. भाजीत कूट घालायचं का. पोरीला पत्रात काय लिहायचं. डोकं खाल्लं माझं. काल तर म्हणाले, तुला माझा कधी राग आला होता का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आला होता की. बसा, सांगते." काकू पदरानं वारा घेत हसल्या. "चहा गार झाला, तरी माझं सांगून झालं नव्हतं."